घरच्या घरी

‘हनीफला काय, घरच्या घरी पडेल!’ हे वाक्य माझं. दीड महिन्यापूर्वी हनीफ गेल्याचा फोन आला तेव्हा आधी आठवलं ते हेच, त्याचा चेहरा नंतर…

मुंबईच्या कर-कचेरीतली काही पदं भिवंडीला हलवायचं ठरलं, तेव्हा आम्ही दोघे शेजारशेजारच्या टेबलांवर कारकून होतो. साहेबांनी मला बोलावून विचारलं, “तुमच्या दोघांतला एक द्यायचाय. कोण जातो?” हनीफ रजेवर होता. मला जायचं नव्हतं, म्हणून मी ते वाक्य बोललो. साहेब हसले, विषय संपला. हनीफ भिवंडीचा होता हे खरंच. पण चौऱ्याऐंशीच्या दंगलीत त्याचं घर जळालं आणि बायकोला घेऊन तो कुर्ल्याला आला, तो पुन्हा तिकडे पाय न ठेवण्यासाठी. हे त्याने डबा खाताना मलाच सांगितलं होतं. साहेबांना ठाऊक नव्हतं. मला होतं.

ऑर्डर आल्यावर सगळे त्याच्या मागे लागले, “हनीफभाई, पार्टी! घरच्या घरी ड्युटी!” तो म्हणाला, “हो ना, सरकारने माहेरी धाडलंय. साडीचोळी कोण देतंय बघू!” सगळे हसले. मीही. त्याची बायको मेहरून मात्र कुर्ला सोडायला तयार झाली नाही. तो जाऊन-येऊन करायचा, उशीर झाला की तिथेच चुलतभावाकडे राहायचा.

त्र्याण्णवच्या जानेवारीत मुंबई पेटली. भिवंडी शांत राहिली. तो तिकडे अडकला आणि मेहरून इकडे एकटी. माझ्या शेजाऱ्यांकडे त्याचा फोन आला. मागे लूमचा खडखडाट चालू होता, त्यावरून ओरडून तो म्हणाला, “तू जवळ आहेस रे… नुसतं बघून ये.” संचारबंदी सैल झाल्यावर गेलो. दार ठोठावलं तर आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दाराला खुर्ची लावून ती त्यावर बसून राहिली होती.

“भाभी, मी. हनीफच्या ऑफिसातला.”

दार फटीएवढं उघडलं. “ते बरे आहेत ना?”

“बरा आहे.”

“त्यांना तिकडे पाठवलं कुणी हो? विचारलं की म्हणतात, सरकारने.”

जिन्यावर कुणी धावत गेलं. “कडी लावून घ्या,” एवढंच म्हणून मी उतरलो. पुढे भेटला की हनीफ दरवेळी म्हणायचा, “त्या दिवशी तू गेलास म्हणून…” आणि चहा पाजायचा. मी प्यायचो.

परवा त्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला कुर्ल्याला गेलो. खुर्ची अजून दारामागेच होती. “रात्री ती दाराला लावल्याशिवाय त्यांना झोप यायची नाही,” मेहरून म्हणाली, “म्हणायचे, तुझी सवय मला लागली.” तिने ती पुसून माझ्यापुढे सरकवली. मला बसवेना.

“भाभी, सरकारने नाही… मी पाठवलं त्याला. मला जायला लागू नये म्हणून. मला माफ करा.”