बाईच्या गोळ्या आणि माझं यीस्ट

मोठ्या बहिणीला आम्ही बाई म्हणायचो. वडील भद्रावतीला फॅक्टरीत होते, आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये राहत असू. विशीतच बाईला जवळ कोणी नसताना कानात बोलण्याचे आवाज ऐकू यायला लागले. नागपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. आवाज थांबले, पण बाई दिवसभर खिडकीशी नुसती बसून राहायची.

मी चंद्रपूरच्या कॉलेजात शिकवत होते आणि यीस्टवर पीएच.डी. करत होते. यीस्टच्या पेशीत कॅल्शियम वाढलं की एक प्रथिन तो निरोप पकडतं आणि पेशीला वाढायला सांगतं. त्या प्रथिनाला अडवणारं रसायन मी मागवलं. बाटली आली, मी नाव वाचलं. तेच नाव बाईच्या गोळ्यांवर होतं.

रविवारी घरी गेले तेव्हा मी ही गोष्ट सहज बोलून गेले. आईचा भाकर थापणारा हात थांबला. "म्हंजे या गोळ्यांनं माही पोरगी खुंटून राह्यली का?"

"नाई आई. यीस्टला मी लय जास्त देतो. अन् माणूस का यीस्ट हाय?"

बाई ऐकत होती. म्हणाली, "मले दाखवशील?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीनं चंद्रपूरला आलो. मी तिला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. आधी साध्या पेशी दाखवल्या. बऱ्याच जणींच्या अंगाला लहानशी कळी फुटलेली, तीच पुढे नवी पेशी होते. मग औषधातल्या दाखवल्या. गोल, एकेकट्या, कळी क्वचितच.

"मेल्या का ह्या?"

"नाई. थांबल्या. औषध धुतलं का बहुतेक पुन्हा वाढतात."

ती कितीतरी वेळ डोळा लावून होती. मग म्हणाली, "मले ते आवाज नाई पायजेत. गोळी मी सोडत नाई. पण थोडी कमी होते का, विचार ना डॉक्टरले. मले काई करावंसंच नाई वाटत."

गोळ्यांबद्दल ती पहिल्यांदाच आपणहून बोलत होती. मी तिचा हात धरला.

डॉक्टरांनी गोळी हळूहळू कमी केली, बंद केली नाही. मधे एकदा आवाज परत आले, पुन्हा वाढवावी लागली. मग जमत गेलं. माझा प्रबंध पुरा झाला तेव्हा बाई कॉलनीतल्या बालवाडीत मदतीला जायला लागली होती. एकदा दुपारी तिला आणायला गेले. दोन पोरं तिच्या मांडीवर झोपली होती. तिनं ओठावर बोट ठेवलं आणि बाजूची सतरंजी सारखी करत कुजबुजली, "बस इथी."