बाकावर बांधून ठेवलेली

आमच्या कॉलेजात बास्केटबॉल आला तो माझ्या चुकीनं. मी कबड्डीचा माणूस. कबड्डीच्या मॅटसाठी अर्ज भरताना माझी खूण शेजारच्या चौकटीत पडली आणि काही महिन्यांनी ट्रकमधून दोन लोखंडी खांब, दोन फळ्या आणि दोन कड्या उतरल्या. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मुद्दामच मागवलं सर, मुलींसाठी." त्या एका थापेपायी मी आजतागायत मुलींच्या संघाचा प्रशिक्षक आहे.

नियम मी मोबाईलवर व्हिडिओ पाहून शिकलो आणि मुलींना शिकवली ती निम्मी कबड्डीच. समोरची आली की खांदा घाला, पडली तर पडू द्या. धानाच्या दिवसांत कोर्टाच्या सिमेंटवर कोणी ना कोणी धान वाळत घालायचं. ते झाडून काढलं तरी दाणे राहायचेच, आणि त्यांवर घसरून गुडघे सोलायचे. सरावाला रोज कोणीतरी लंगडत घरी जायची. मला त्यात आपली मेहनत दिसायची.

अशात दिघोरीची एक पोरगी पहिल्या वर्षाला आली. उंच, रुंद खांद्यांची, धानाच्या रोवणीच्या चिखलात वाढलेल्या पायांची. गावाकडून येणं-जाणं जमेना म्हणून मावशीकडे राहायची. पहिल्या दिवशी तिनं चेंडू घेतला आणि सरळ आमच्या कॅप्टनच्या अंगावरून गेली. कॅप्टनचा ओठ फाटला. पोरीनं कडीत चेंडू टाकला, मागे वळली आणि विचारलं, "लागलं का वं ताई?" त्या दिवशी तिचा एकही नेम चुकला नाही.

दुसऱ्या दिवशी एकही लागला नाही. एक चेंडू तर भिंतीवरून महामार्गावर गेला आणि ट्रकच्या चाकाखाली फुटला. ओठाला कापूस लावलेली कॅप्टन मला म्हणाली, "सर, काल हिची जुळी बहीण आलती का?"

असंच चाललं. एक दिवस वाघीण, दुसऱ्या दिवशी दारातली खुंटी. पण तिला काय हवं ते तिनं पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. "मले विद्यापीठाच्या टीममंधी खेळाचं आहे सर. याच वर्षी." याच वर्षी का, तर घरच्यांनी एका वर्षाची मुभा दिली होती. निवड झाली तर खेळ, नाही तर फक्त कॉलेज आणि शेत.

मी विचार केला. विचार करणं हा माझ्या हातून घडणाऱ्या अपघातांमधला सर्वांत मोठा अपघात.

माझ्या बापाकडे पटाची जोडी होती. आमच्या झाडीपट्टीत बैलांच्या शर्यतीला पट म्हणतात. शर्यतीआधी बाप उजव्या बैलाला तीन दिवस अंधाऱ्या गोठ्यात बांधून ठेवायचा. चारा अर्धा. येता-जाता टोकाला लोखंडी आर लावलेल्या काठीनं डिवचायचं. चौथ्या दिवशी सोडला की तो बैल असा उडायचा की पाहणाऱ्यांची टोपी पडायची. आता असं करायला बंदी आहे. तेव्हा नव्हती, आणि मला ते शास्त्र वाटायचं. मी ठरवलं, या पोरीलाही तसंच ठेवायचं. बाकावर बांधायचं, तापवायचं, शेवटी सोडायचं.

पहिल्या सामन्यात तीस मिनिटं बसवली. शेजारी बसून हळू आवाजात बोलत राहिलो. "दिघोरीच्या पोरी रोवणीलेच बऱ्या. तुह्या हाताले चेंडू नाही, विळा शोभते." तिची कानशिलं लाल झाली. सोडली तेव्हा तिनं दहा मिनिटांत सामना फिरवला. समोरच्या संघातल्या तिघी आळीपाळीनं सिमेंटवर आडव्या झाल्या, एकीचं कोपर सालटलं. मी घरी जाऊन बायकोला म्हणालो, "बापाचं डोकं होतं वं आपल्यापाशी, इतके दिवस समजलंच नाही."

पुढच्या सामन्यात चार मिनिटांत पाच फाऊल करून ती बाहेर आली. मला वाटलं, तापवणं कमी पडलं. मी बाकावरचा वेळ वाढवला. पस्तीस मिनिटं बसून पाच मिनिटं खेळ. कधी पाचांत दहा गुण, कधी पाचांत शून्य आणि कोणाच्या तरी नाकाला रक्त. कशाचा मेळ कशाला नव्हता.

एकदा सराव संपल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"सर, काहून बसवून ठेवून राहिले मले?"

"तापू दे जरा."

"निवडवाले फायनलले येऊन राहिले. थे मले बाकावरच पायतीन का?"

"योग्य वेळी सोडतो ना."

"मी का बकरी आहो का, सोडाले?"

मी हसून टाळलं. बकरी नाही, बैल, असं तोंडावर आलं होतं. ते गिळलं, एवढंच त्या वर्षीचं माझं शहाणपण.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची फायनल दुपारी होती. विद्यापीठाच्या निवड समितीचे दोघं मंडपाखाली वह्या घेऊन बसले होते. मी तिला चारपैकी पूर्ण तीन डाव बसवली. आम्ही नऊ गुणांनी मागे पडलो, कॅप्टन सारखी बाकाकडे बघत होती, आणि मी शेजारी बसून काठी टोचावी तसं बोलत होतो. "निवडवाले पाहून राहिले बरं. थे म्हणतीन, ही कोण, पाणी द्यायले आणली का?" तिची मांडी थडथड उडत होती. ते बघून मी खूश. आठ मिनिटं उरली तेव्हा म्हणालो, "जा."

ती गेली. पहिल्याच चेंडूला तिनं समोरच्या कॅप्टनच्या छातीवर खांदा दिला. ती पोरगी मागे उडाली, उठली आणि परत येताना कोपर घेऊनच आली. आमच्या पोरीची भुवई फाटली. रक्त डोळ्यात उतरलं. पुढे दोन गुण झाले, मग दोघी चेंडूसाठी एकदम उडाल्या, डोक्यावर डोकं आदळलं आणि दोघी खाली आल्या. त्या कॅप्टनच्या तोंडातून रक्ताची चूळ निघाली. तिचा समोरचा अर्धा दात सिमेंटवर पडला होता, पांढरा, स्वच्छ. तिचा मामा मंडपातून धावत आला. आमच्या कॅप्टनचा भाऊ त्याला आडवा गेला. एकानं दुसऱ्याची कॉलर धरली, दुसऱ्यानं खुर्ची उचलली, आणि पुढचं अर्धं मिनिट कोण कोणाला मारतंय ते मारणाऱ्यांनाही कळत नव्हतं. पंच शिट्टी फुंकून फुंकून जांभळा झाला. मी मोठ्या शहाणपणानं मधे घुसलो आणि आमच्या पोरीला मागून खांद्याला धरलं.

ती वळली ती मूठ घेऊनच. मी प्रशिक्षक आहे हे तिला माझं नाक फुटल्यावर दिसलं.

तिला सामन्यातून काढलं. आम्ही हरलो. निवड समितीच्या दोघांनी वह्या मिटल्या.

ग्रामीण रुग्णालयात आम्ही तिघं एकाच बाकावर बसलो. एका टोकाला दात गेलेली, दुसऱ्या टोकाला भुवईला पाच टाके पडलेली, मधे मी, दोन्ही नाकपुड्यांत कापूस. आमची पोरगी वाकून माझ्यापलीकडे बोलली, "बाई, माफ कर वं. मले तुले मारायचं नव्हतं."

"मंग कोणाले मारायचं होतं?" दात गेलेली फुसफुशीत आवाजात म्हणाली.

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी, अपराध कमी व्हावा म्हणून, बापाच्या बैलाचं सगळं शास्त्र सांगून टाकलं. आमची पोरगी ऐकत राहिली. पटाची जोडी तिच्याही घरी आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

"तुमच्या बाबाचा बैल कधी जितला का सर?"

आता हा प्रश्न मला चाळीस वर्षांत कोणी विचारला नव्हता, मी स्वतःलाही नाही. बैल उडायचा, हे खरं. एकदा तो गर्दीत घुसला आणि एकाचा पाय मोडला. एकदा बापासकट तलावात गेला. एकदा उलटा फिरून घरी आला. जिंकला कधीच नाही.

"नाही," मी म्हणालो.

"आमच्या घरी पटाच्या आंधी जोडीले रोज पळवते. पूर्ण अंतर. कुठं जोर लावाचा, कुठं थांबाचं, थे पळूनच समजते. बांधून ठेवून कसं समजन?" तिनं टाक्यांना हात लावला. "पाच मिन्टं देता. पाच मिन्टात मी सगळंच करून टाकाले जातो. थांबाले जागाच नाही राहत."

"आन् या बैलाच्या भानगडीत माह्या दाताचा काय संबंध?" दात गेलेली म्हणाली, आणि हसता हसता वेदनेनं तोंड धरलं.

दुसऱ्या दिवशी सुजलेलं नाक घेऊन मी निवड समितीतल्या एकाकडे गेलो. चूक माझी आहे, पोरीला चाचणीला बोलवा, म्हणालो. ते म्हणाले, लिहून द्या. अर्ध्या पानात मी लिहिलं की सदर खेळाडूस मी जाणूनबुजून बसवून ठेवले, चिडवले व त्यामुळे सदर प्रकार घडला. नोकरीत आल्यापासून मी लिहिलेला एवढाच खरा कागद. खूण करायच्या चौकटी नव्हत्या म्हणून चुकला नाही.

चाचणी नागपूरला होती. एसटीत ती मला म्हणाली, "सर, तुमी जाळीच्या बाहेर बसा. आन् बोलू नका." मी जाळीबाहेर बसलो. चाळीस मिनिटांचा सामना, आणि तिला पूर्ण खेळवलं. पहिली दहा मिनिटं पाहवत नव्हती. सहा नेम चुकले, दोन फाऊल झाले, एकीच्या पायावर ती पडली. मी असतो तर तिसऱ्या मिनिटाला ओढून घेतली असती. दुसऱ्या डावात एकीनं तिच्या टाक्यांवरच कोपर मारलं. पट्टीतून रक्त आलं. आमची पोरगी तिच्यावर चालून गेली, मुठी आवळलेल्या. मी जाळी दोन्ही हातांनी धरली, आणि तोंड उघडलं, आणि मिटलं. ती दोन पावलं अलीकडे थांबली. पुसलं, परत आली. त्यानंतर तिनं चौदा गुण केले. धक्के तेच, खांदा तोच, एक पोरगी तर खांबावर जाऊन आदळली. पण तिसऱ्या फाऊलपुढे ती गेली नाही.

संध्याकाळी भिंतीवर यादी लागली. बारा नावं. तिचं त्यात नव्हतं. खाली राखीव म्हणून दोन नावं होती आणि दुसरं तिचं होतं. तिनं यादी दोनदा वाचली.

"राखीव म्हंजे बाकावरच ना सर?"

"हो."

"मंग घरचे याले निवड म्हणतीन का नाही?"

"मी येतो ना दिघोरीले. बाबाले मी सांगतो."

"तुमी नका येऊ. नाक पाहून आई आंधी मलेच मारन." ती परत यादीकडे वळली. "बारामधल्या एखादीचा पाय गेला तर?"

"तर पहिली राखीव. दोघींचे गेले तर तू."

निवड झालेल्या बारा जणी पलीकडे कट्ट्यावर बसून बूट सोडत होत्या. ती त्यांच्या पायांकडे पाहायला लागली. एकेकीच्या, सावकाश, घोट्यापासून. तिचा हात धरून बाजूला न्यायची माझी छाती नव्हती. लांबूनच म्हणालो, "चाल बाई, चाल. एसटी सुटन."