मेलकावेरीची यादी

कॉलेजात असताना मला एका जागी बसवत नसे. त्यातून आमच्या प्राध्यापकांनी शेवटच्या तासाला पुस्तक मिटून विचारलं, "शेजारच्या मेलकावेरीत पटकी आली आहे. हे गाव तुमचं कुणी लागतं की नाही?" झालं, सगळ्यांआधी माझा हात वर.

काम साधं होतं. घरोघरी जायचं, पाणी उकळून प्यायला सांगायचं आणि आजाऱ्यांची यादी संध्याकाळी म्युनिसिपालटीत द्यायची. सकाळी डॉक्टर त्याच घरांत जाणार होते.

वडील चिडले. "कोठें चाललास? परीक्षा कोण देईल, तुझे प्रोफेसर?" तोवर मी रस्त्यावर होतो.

तमिळ मी फडाफडा बोलत असे, पण आमचं घराणं तंजावरच्या मराठी राजांच्या दरबारी कारकुनांचं. घाईत लिहायला घेतलं की माझा हात आपोआप मोडी लिपीकडे वळे. मेलकावेरीतही तेच झालं. एका म्हातारीची सून ओसरीवर निपचित पडली होती. "तंबी, आमचं घर नीट लिही बाबा," असं ती, तमिळ रीतीने मला धाकटा भाऊ म्हणत, पुन्हापुन्हा सांगत होती. तिचं घर मी सगळ्यात वर लिहिलं. नंतर इंग्रजीत उतरवून काढू म्हटलं आणि धावतच म्युनिसिपालटी गाठली. तिथला कारकून निघून गेला होता. कागद त्याच्या दौतीखाली ठेवला आणि थेट प्राध्यापकांच्या घरी गेलो, फुशारकी मारायला. उतरवून काढायचं साफ विसरलो. गाढव होतो, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी दुपारी चौकशीला गेलो, तर कागद तिथंच. डॉक्टर बाकीच्या मुलांच्या याद्या घेऊन गेले होते. कारकुनाने माझा कागद उलटसुलट करून विचारलं, "हे काय मुंग्यांनी लिहिलंय?" यादी वाचून दाखवली, औषधाच्या माणसाला अक्षरशः ओढत नेलं.

इतर घरांत औषध पोचलं. म्हातारीची सून सकाळीच गेली होती.

दारात जमलेले शेजारी संतापले होते. एक जण माझ्या अंगावर धावून आला, तेव्हा म्हातारीनेच त्याला गप्प केलं. "या पोराला काही बोलू नका. त्याने बिचाऱ्याने लिहून नेलं होतं, सरकारी माणसंच आली नाहीत."

मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाज मला आजही वाटते. चूक माझी होती, एवढं सांगण्यापुरतं तमिळ मला नक्की येत होतं. मी नुसती मान डोलावली.