चालण्याचा गट
समोरच्या घरातली नर्स परदेशी नोकरीसाठी इंग्रजीच्या परीक्षेला बसणार होती. तंजावरात तेव्हा कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडी बूथ निघत होते आणि जो तो बाहेरचे फॉर्म भरत होता. ही शब्द घोकायची ते गटागटानं, दारापुढच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, पाय सोडून बसून. चालण्याच्या शब्दांचा गट आला, तेव्हा गल्लीत कुणाची धडगत नव्हती. पोस्टमन ढांगा टाकत गेला की "स्ट्राइड!", फुलवाली पाय ओढत आली की "शफल!"

माझ्या वडिलांचा पाय मोडला होता. ते काठी टेकत निघाले की ही ओरडायची, "मामा, गेल्या आठवड्यात स्टॅगर होतात, आज लिम्प!" मला राग यायचा. वडील मात्र वरचा शब्द मिळावा म्हणून रोज एक फेरी जास्त मारायचे.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ते काठीशिवाय तिच्यापुढे उभे राहिले. "उजळणी कर," म्हणाले. आधी झोकांड्या खात, मग पाय ओढत, मग लंगडत त्यांनी चालून दाखवलं. तिनं तिन्ही शब्द फटाफट सांगितले. शेवटी हात मागे बांधून ते रमतगमत कोपऱ्यापर्यंत गेले.

तो शब्द तिनं सांगितलाच नाही. पुस्तक खाली टाकून ती टाळ्या वाजवत होती.