साडूंच्या दोरीचा वेढा

आमचे साडू जन्माला आले नसते, तर अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात एकही बाण धड उडाला नसता. हे माझं मत नाही, त्यांचं आहे. पण गेल्या तीस वर्षांत त्यांनी ते मला इतक्या वेळा ऐकवलं आहे की आता मलाही खरं वाटायला लागलं आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. गाव तलमडुगूच्या अलीकडे, पाच एकर कापूस, कापसात तुरीच्या ओळी आणि विहिरीपाशी थोडी वांगी-मिरची. दिसायला चारचौघांसारखे. पण लहानपणी शेजारच्या गोंडांच्या पाड्यात, ज्याला इकडे गुडा म्हणतात, त्यांना तिरकमठ्याचं, म्हणजे धनुष्यबाणाचं वेड लागलं, ते कायमचं. गंमत अशी की त्यांना नेम अजिबात नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या गावाबाहेरच्या माळावर दोन कडुनिंबांच्या मध्ये नारळ टांगतात आणि आसपासच्या गावांचे, गुड्यांचे तिरंदाज त्यावर बाण सोडतात. पहिला बाण मानाचा, तो साडूंचा, कारण सगळ्यांच्या कमठ्यांना दोरी तेच बांधून देतात. आजवर त्यांनी तो निंबात मारला आहे, उकिरड्यात मारला आहे, एका वर्षी तर मंडपवाल्याच्या भोंग्यात मारला आणि त्या वर्षीचं बक्षीस-वाटप बिनआवाजाचं झालं. नारळाला मात्र त्यांनी कधी दुखवलं नाही. याची त्यांना खंतही नाही. "नेम त कोनीबी मारते," ते म्हणतात, "दोरी कोनं बांधली ते इचारा."

तर ही दोरी. कमठ्याची दोरी अंबाडीच्या वाखाची, पिळून घट्ट केलेली. बाणाच्या शेपटीला एक खाच असते आणि ती खाच दोरीवर जिथं बसते, तिथं चार बोटं रुंदीचा सुताचा वेढा गुंडाळावा लागतो. आमच्या साडूंचं आयुष्य या चार बोटांत मावलं आहे. वेढा बारीक झाला की बाण ढिला बसतो. ओढता ओढता खाच निसटते, दोरी रिकामीच सुटते आणि चांगल्या जुन्या बांबूला तडा जातो. जाड झाला की नाकापेक्षा मोती जड. बाण सुटतानाच अडखळतो आणि त्याला वाटेल तिकडे जातो. म्हणून साडू वेढा झाला की कमठा आडवा धरतात आणि बाण नुसत्या खाचेनं दोरीला लटकवतात. आपोआप पडला तर ढिला. दोरीवर बोटानं एक टिचकी मारल्यावर पडला तर बरोबर. दोन टिचक्या लागल्या तर सगळा वेढा सोडून पुन्हा पहिल्यापासून. एकदा दीड टिचकीत पडला म्हणून त्यांनी तो सोडला, तेव्हा मी न राहवून विचारलं की भाऊ, अर्धी टिचकी कशी मोजता? त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं माझ्या सासऱ्यांनीही मला कधी पाहिलं नव्हतं.

माझं आदिलाबादेत शिलाईच्या सामानाचं दुकान आहे: रिळं, बटणं, अस्तर, चेन. त्यामुळे हा माणूस मला नात्यानंही मिळाला आणि गिऱ्हाईक म्हणूनही. गणपती बसले की साडू बसनं यायचे, एका हातात छत्री, छत्रीत बाण. एकदा अख्खा कमठाच घेऊन चढले. कंडक्टर म्हणाला, "ये क्या है पटेल, इसका लगेज लगता." साडू म्हणाले, "दोरी है. बाकी बांबू है." आणि कमठा मांडीवर घेऊन ते शेवटपर्यंत बसून राहिले, शेजारच्या दोन्ही सीटा रिकाम्या झाल्या. दुकानात आले की रिळाचा रंग त्यांना नको, नंबर नको. धागा कानाजवळ ताणून ऐकायचे, थोडा चावून पाहायचे, मग छत्रीतून बाण निघायचा. एकदा एक शिक्षिकाबाई ब्लाउजला मॅचिंग धागा बघत होत्या. साडूंनी त्यांच्या हातातलं रीळ अलगद काढून घेतलं, धागा चार पदरी करून खाचेत बसवला आणि मान हलवली. "मत लो मॅडम, ढिला है." बाई तशाच गेल्या, त्या पुन्हा माझ्या दुकानात आल्या नाहीत. मी एकदा साडूंना नायलॉनचा धागा दाखवला, चकचकीत, हत्ती बांधला तरी तुटणार नाही असा. साडू म्हणाले, "साडूबुवा, मी कापूस पिकवतो. माया दोरीवर नायलॉन पाह्यलं त लोक काय म्हनतीन?" आणि सुती रीळच घेऊन गेले, घरी ते मेणाच्या गोळीतून ओढून घ्यायचे.

एकदा माणसाला खाच आणि वेढा यांचं गणित कळलं की त्याला जगात दुसरं काही दिसत नाही. साडूंच्या घरी डब्याचं झाकण असो की कडीकोयंडा, सगळ्याला टिचकीची परीक्षा द्यावी लागते. चष्म्याची काडी ढिली म्हणून तिलाही त्यांनी सूत गुंडाळलं आहे. मुलीला स्थळ आलं तेव्हा मुलगा बेल्लमपल्लीचा, कोळशाच्या खाणीत कामाला, सोबत वडील आणि तीन काका. चहापाणी झालं आणि साडूंनी कमठा आणून दोरीला बाण लटकवला आणि मुलासमोर धरला. मुलानं जरा वेळ पाहिलं आणि हळूच एक टिचकी मारली. बाण खाली पडला. साडू उठून आत गेले आणि मेहुणीबाईंना, म्हणजे आपल्या बायकोला, म्हणाले, "पोरगा हाताचा हलका हाय. पोरगी सुखात राहीन." लग्न ठरलं. मुलानं मला नंतर सांगितलं की त्याला दोरीवर माशी बसल्यासारखी वाटली होती. पोरगी मात्र खरोखरच सुखात आहे, त्यामुळे हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

आता थोडं मेहुणीबाईंविषयी सांगितलं पाहिजे. साडू वेढा घालायचे तेव्हा कमठ्याचं दुसरं टोक धरायला त्याच बसायच्या. तीस वर्षं बसल्या. साडू बोलत राहायचे आणि त्या धरून राहायच्या. त्या डावखुऱ्या आहेत. लहानपणी पंगतीत डाव्या हातानं वाढायला गेल्या म्हणून आईच्या चापट्या खाल्लेल्या, तेव्हापासून चारचौघांत उजव्या हातानं आणि एकट्या असल्या की डाव्या हातानं काम करायची त्यांना सवय. साडूंनी त्यांना वेढ्याला कधी हात लावू दिला नाही. तसं वाईट वागवायचे असं नाही. देवाची पूजा जशी एखादा माणूस दुसऱ्याला करू देत नाही, तसंच ते होतं.

तीन वर्षांपूर्वी साडूंची नजर बिघडायला लागली. आदिलाबादेत डॉक्टरांनी तपासून काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत यायची नाही, राहिलेली सांभाळा, म्हणून थेंब दिले. साडू बाहेर आले आणि माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसले. एकाही रिळाला हात लावला नाही, हेच मला भयंकर वाटलं. मग म्हणाले, "दूरचं दिसते मले. जवळचंबी दिसते. मंधातलं थोडं पुसट हाय." पुन्हा म्हणाले, "ज्या दिवशी माया वेढा चुकन ना साडूबुवा, त्या दिवशी कमठा अन् रीळ समदं माळ्यावर. मंग कोनी हात जोडले तरी बांधनार नाई." आणि ते तसंच करतील याबद्दल मला शंका नव्हती. हा माणूस वेढा घालायचा थांबला तर दिवसभर करील काय? कापूस वेचायला बायका येतात, वांगी बाजारात जातात, पण साडूंचा जीव होता तो त्या ओसरीवरच्या चार बोटांत.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी मेहुणीबाईंचा फोन आला. "भाऊजी, अजून चार रीळं आना. पन यायच्यासमोर नका देऊ." मी म्हटलं, आत्ताच तर भाऊ डझनभर घेऊन गेले. त्यांनी फोन ठेवून दिला. मी पहाटेची बस धरून गेलो. साडू शेतात गेले होते. ओसरीवर सात-आठ कमठे भिंतीला टेकवलेले होते, दसऱ्यासाठी लोकांनी दोरी बांधायला आणून दिलेले. मेहुणीबाई एका कमठ्याशी बसल्या होत्या, मांडीत तो दाबून धरलेला, आणि सुईनं साडूंचा वेढा सोडवत होत्या. मी जवळ जाऊन पाहिलं. वेढ्यात मधे मधे दोरी उघडी दिसत होती, कुठं सूत सुतावर चढलेलं. त्यांनी माझ्या हातातून रीळ घेतलं आणि डाव्या हातानं नवा वेढा घालायला सुरुवात केली, खालून वर, एकाला एक लागून. संपल्यावर बाण लटकवला आणि टिचकी मारली. एक. बाण पडला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमी काई पाह्यलं नाई." मी म्हटलं, नाही पाहिलं. तेव्हापासून दर दसऱ्याला मी दुप्पट रिळं पोचवत होतो, अर्धी ओसरीवर आणि अर्धी चुलीमागच्या डब्यात.

गेल्या दसऱ्याला माळावर चांगली गर्दी होती. साडूंनी मानाचा बाण शिरस्त्याप्रमाणे नारळ सोडून दुसरीकडे मारला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग गुड्यातला त्यांचा बालमित्र उभा राहिला, पांढऱ्या मिशांचा, वाळकुडा, आणि त्यानं पहिल्याच बाणात नारळ फोडला. बक्षिसाकडे न जाता तो आधी साडूंकडे आला आणि कमठा त्यांच्या हातात दिला. "दादा, दोन सालापासून तुयी दोरी लय गोड झाली. हात लावून पाह्य." साडूंनी खुशीत अंगठ्याचं नख वेढ्यावरून फिरवलं. साडू वेढा वरून सुरू करतात आणि शेवटचं टोक खाली दडवतात. तिथं नखाला बारीकशी गाठ लागते. त्यांचं नख खाली गेलं आणि थांबलं. मग वर गेलं. गाठ वर होती. त्यांनी शेजारच्याचा कमठा मागितला. त्याचीही गाठ वर. मग तिसरा. माझी पाचावर धारण बसली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसा मी सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होतो. मेहुणीबाई बायकांत उभ्या होत्या, त्यांनी पदर डोक्यावरून पुढं ओढला. साडूंनी कमठा मित्राला परत दिला आणि म्हणाले, "हाव. चांगली बसली." एवढंच. त्या दिवशी दोरीवर त्यांनी कोणाला एक शब्द ऐकवला नाही.

घरी जाताना आम्ही तिघं कापसाच्या बांधावरून चाललो होतो, साडू पुढं, मागं मेहुणीबाई, त्यांच्या मागं मी. साडू वळून न बघता म्हणाले, "कवापासून?"

"परारसालापासून," मेहुणीबाई म्हणाल्या.

"समदे?"

"समदे नाई. पयल्या साली दोनच होते. यंदा समदे."

साडू चालत राहिले. बोंडं फुटायला लागली होती, त्यातलं एक त्यांनी जाता जाता तोडलं आणि हातात धरलं. "साडूबुवाले ठाव होतं?" ते म्हणाले. मी कापसाकडे बघितलं. मग ते म्हणाले, "मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमाले बांधाले आवडते म्हनून," मेहुणीबाई म्हणाल्या.

मला खात्री होती की घरी पोचल्यावर सगळं माळ्यावर जाणार. साडू अंगणात उभे राहिले, पाय धुतले, पंच्यानं पुसले. "तू खालून सुरू करतं," ते म्हणाले. "वरून कराव लागते."

"माया हात डावा हाय."

साडूंनी यावर जेवढा विचार केला तेवढा मुलीच्या लग्नाच्या वेळीही केला नसेल. शेवटी म्हणाले, "मंग खालूनच कर." मला त्या क्षणी दोघांच्याही पाया पडावंसं वाटलं. साडू असून पाया पडणं बरं दिसत नाही, म्हणून मी नुसता चहा मागितला.

या वर्षी मी दसऱ्याआधी दोन दिवस मुक्कामाला गेलो. रिळं आता एकाच ठिकाणी ठेवतो. दुपारी साडू ओसरीवर बसून वेढे घालतात, जीभ दातांत धरून, मधेच गुणगुणत, मेहुणीबाई टोक धरून बसतात. सकाळी मात्र साडू शेतात जात नाहीत. ते कमठा गुडघ्यांत धरून बसतात, मेहुणीबाई त्यांनी काल घातलेला वेढा सुईनं सोडवतात, आणि सुटलेलं सूत साडू स्वतः रिळावर परत गुंडाळतात. मी समोरच चहा पीत होतो. काल घातलेल्या वेढ्यात माझं बोट जाईल एवढ्या फटी होत्या. साडूंनी रीळ फिरवता फिरवता विचारलं, "कितीसाक चुकला होता वं?"

मेहुणीबाईंनी वेढ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "जास्त नाई. थोडकासाच."