ह्यूस्टनमधली तिसरी बेडरूम

फोर्कलिफ्ट सॅन फ्रान्सिस्कोच्या स्वयंपाकघरातून आत शिरली आणि बाथरूमपाशी येऊन थांबली. समोर आमचा इंजिनिअर सतीश गायधनी आणि त्याची बायको वृषाली उभे होते. दोघांपैकी कुणीही हलायला तयार नव्हतं. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी हात वर करून त्याला थांबायला सांगितलं. चूक त्याची नव्हती. ते घर मीच मांडलं होतं, मीना सलमान बंदरातल्या आमच्या गोडाउनच्या फरशीवर, पिवळ्या टेपने.

माझं काम सांगते, म्हणजे उलगडा होईल. बहारीनमध्ये जहाजांवरच्या क्रेन दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत मी एचआरमध्ये आहे. माणूस एका देशातून दुसऱ्या देशात पाठवायचा तर त्याला पगार किती द्यायचा आणि तेवढ्यात त्याचं भागेल का, हे मी बघते. याला आम्ही कॉस्ट ऑफ लिव्हिंगची तुलना म्हणतो. नाव भारी आहे, काम साधं आहे. घरभाडं, किराणा, गाडी, शाळा, डॉक्टर अशी एक टोपली भरायची आणि तीच टोपली दुसऱ्या शहरात कितीला पडते ते पाहायचं. अमेरिकेत एकाच देशातल्या दोन शहरांत या टोपलीत एवढी तफावत असते, की दोन वेगळे देश वाटावेत. आणि तफावतीचा मोठा भाग एकट्या घराचा असतो.

आमच्या वर्कशॉपचा एक विभाग बंद होणार होता. सतीश त्याच विभागात. अमेरिकेतल्या मूळ कंपनीने त्याला दोन जागा देऊ केल्या. काम तेच, शहरं दोन. सॅन फ्रान्सिस्को किंवा ह्यूस्टन. दोन्ही नको असतील तर हिशेब चुकता करून नाशिकचं तिकीट. त्याची मुलगी ईसा टाउनच्या शाळेत नववीत होती. म्हणजे निर्णय चुकला तर तिघांचीही घडी विस्कटणार होती.

ऑफर आली त्याच दिवशी तो माझ्या केबिनमध्ये आला. सॅन फ्रान्सिस्कोचा पगार चांगलाच जास्त होता.

"मॅडम, सही कुठे करू?" तो म्हणाला.

मी त्याला बसवलं आणि समजावलं. बहारीनमध्ये पगारावर इन्कम टॅक्स नाही, त्यामुळे कागदावरचा आकडा आणि हातात येणारा आकडा जवळजवळ एकच, अशी आपल्याला सवय झालेली असते. तिथे तसं नाही. देशाचा टॅक्स, सॅन फ्रान्सिस्कोत वर कॅलिफोर्निया राज्याचा टॅक्स, आरोग्यविम्याचा हप्ता. ह्यूस्टनला, म्हणजे टेक्ससमध्ये, राज्याचा टॅक्स नाही. त्यात इथे आपण लाइट-पाण्यासकट भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, एसी दिवसरात्र चालू ठेवतो आणि विसरून जातो. सतीशने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला की मोठा आकडा शेवटी मोठाच असतो, आणि नाशिकला थोरल्या भावाला, दादांना, सॅन फ्रान्सिस्को सांगूनही झालंय.

हे मी आधी एकदा पाहिलं होतं. आमचा एक अकाउंटंट असाच आकड्याला भुलून न्यूयॉर्कला गेला आणि चाळिशी उलटल्यावर कॉलेजच्या दोन पोरांबरोबर खोली वाटून राहिला. वर्ष व्हायच्या आत राजीनामा देऊन परत आला. आमचे जनरल मॅनेजर खालिद यांनी तेव्हा मला विचारलं होतं की तू त्याला सांगितलं नव्हतंस का. सांगितलं होतं, एक्सेलमध्ये, रंगीत तक्त्यांसकट. या वेळी त्यांनी एवढंच बजावलं की तक्ते नकोत, माणसाला दिसेल असं काहीतरी कर. उत्तर गुरुवारपर्यंत हवं होतं.

आमच्या धंद्यात एक ढोबळ नियम आहे. हातात येणाऱ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत घरभाडं गेलं तर ते घर परवडतं, त्याच्या वर गेलं तर परवडत नाही. मी दोन्ही शहरांत तेवढ्या भाड्यात कामाजवळ काय मिळतं ते शोधलं. सॅन फ्रान्सिस्कोत एक खोली, भिंतीला लागून ओटा आणि कोपऱ्यात बाथरूम. ह्यूस्टनमध्ये तीन बेडरूमचं ऐसपैस घर. दोन्हींचे नकाशे सतीशला दिले. त्याने ते मशीनच्या ड्रॉइंगसारखे उलटसुलट करून पाहिले आणि मापं नीट दिलीयत अशी दाद दिली. कागदावर दोन्ही घरं सारख्याच आकाराची होती. शेवटी पान तेवढंच असतं ना.

तेव्हा मला गोडाउन आठवलं. एक बाजू रिकामी होती, कंटेनर यायचा लांबला होता. गोडाउनचे इनचार्ज अबू जासिम यांना मी विचारलं. ते इथलेच, पण आम्हा भारतीयांबरोबर वर्षं काढल्यामुळे हिंदी अस्सल त्यांची स्वतःची. "मॅडम, घर बनाओ, बिल्डिंग बनाओ," ते म्हणाले. "गुरुवार कंटेनर आएगा, फिर खलास." फरशीवर पट्टे मारायच्या टेपची रिळं त्यांनीच काढून दिली, आणि मी दोन्ही घरं शेजारी शेजारी खऱ्या मापात आखली.

बुधवारी काम सुटल्यावर सतीश आणि वृषाली आले. वृषाली घरी गणिताच्या शिकवण्या घेते. तिने घरातल्या सगळ्या सामानाची मापं घेऊन आणली होती आणि पर्समध्ये मेजरटेपही होती. मला ती लगेच आवडली. सतीश टेप ओलांडून सरळ आत गेला.

"अहो, भिंतीतून काय येताय? दारातून या," ती म्हणाली.

तो मुकाट्याने बाहेर गेला आणि दारातून आला.

आम्ही पलंगाच्या जागी माल रचायचं लाकडी पॅलेट ठेवलं, फ्रिजच्या जागी उभा खोका. मुलीचा पलंग ठेवल्यावर फ्रिजचं दार उघडायला जागाच उरली नाही. दूध काढायचं तर आधी लेकीला उठवायला हवं. सतीशने तो खोका चारी कोपऱ्यांत सरकवून पाहिला.

मग आम्ही ह्यूस्टनला गेलो, म्हणजे चार पावलं उजवीकडे. तिथे त्याचा चेहरा खुलला. दोन्ही हात पसरून तो या खोलीतून त्या खोलीत फिरला. ही आपली. ही लेकीची आणि आई आली की आईची. ही दादा-वहिनींची, मुलांसकट आले तरी सहज मावतील. हॉलमध्ये मामांचा बंटी, तो नोकरी शोधायला येईलच. वृषाली नुसती मेजरटेप गुंडाळत होती. मी मात्र खूश होते. घरी जाता जाता खालिदना मेलने कळवूनही टाकलं की ह्यूस्टन पक्कं.

गुरुवारी सकाळी दोघं पुन्हा गोडाउनमध्ये हजर. वृषाली पुढे, सतीश मागे. ती जाऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या मधोमध उभी राहिली.

"ताई, आम्ही इथेच राहणार," ती म्हणाली.

मी पुन्हा टॅक्सपासून सुरुवात केली. तिने मला थांबवलं. गणित तिचं माझ्यापेक्षा पक्कं होतं, सगळं तिला आधीच पटलं होतं. अडचण दुसरी होती. बहारीनला आल्यापासून त्यांच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पाहुण्यांशिवाय एकही सुट्टी गेली नव्हती. व्हिजिट व्हिसावर कुणी तीन महिने, कुणी नोकरी मिळेपर्यंत. शिकवणीची मुलं ती स्वयंपाकघरात बसवायची आणि कुकरच्या शिट्ट्यांमध्ये बीजगणित शिकवायची.

"तिकडे यांनी काल सगळं घर उभ्या उभ्या वाटून टाकलं," ती म्हणाली. "त्यात माझी खोली कुठे होती? इथे निदान माणूस चहा पिऊन उठेल. बसायला जागाच नाही."

सतीश म्हणाला की दादांना नाही कसं म्हणायचं. ती म्हणाली, तुम्ही नका म्हणू, हे घर म्हणेल. नेमका तेव्हाच कंटेनर आला, आणि सुरुवातीला सांगितलं ते झालं.

अबू जासिम धावत आले. मी त्यांना हिंदीत थोडक्यात सांगितलं की बाईंना पाहुणे नको आहेत. ते गंभीर झाले. त्यांना सहा भाऊ होते. त्यांनी फोर्कलिफ्टला मागे जायची खूण केली आणि आम्हाला म्हणाले, "पाच मिनिट. यल्ला, जल्दी."

त्या पाच मिनिटांत मला माझी चूक कळली. तिसरा हिस्सा ही वरची मर्यादा आहे. तेवढं भाडं द्यायलाच हवं असं कुणी सांगितलंय? परवडतं म्हणून मी त्यांना सर्वांत मोठं घर दाखवलं होतं. मी वृषालीला विचारलं की ह्यूस्टनमधलं दोन बेडरूमचं घर चालेल का, शिवाय तिच्या शिकवण्यांसाठी एक छोटी खोली असलेलं. भाडं वाचेल ते वाचेल.

ती ह्यूस्टनमध्ये गेली. तिसऱ्या बेडरूमच्या कोपऱ्यात वाकली, टेपचं टोक नखाने उचललं आणि चारी भिंती चरचर ओढून काढल्या. दादा-वहिनींच्या खोलीचा एक पिवळा गोळा झाला. तो तिने सतीशच्या हातात दिला.

सतीशने गोळ्याकडे पाहिलं, फोर्कलिफ्टकडे पाहिलं.

"आईची सोय?" त्याने विचारलं.

"आई लेकीच्या खोलीत. त्यांचं मला कधीच जड झालं नाही."

"मग ठीक आहे," तो म्हणाला, आणि माझ्याकडे पेन मागितलं. सही त्याने ड्रायव्हरच्या देखत फोर्कलिफ्टलाच कागद टेकवून केली.

खालिदना मी फक्त ह्यूस्टन एवढंच सांगितलं. मेलमध्ये काही बदललेलं नव्हतंच.

आता ते तिघं तिथे रुळलेत. वृषालीच्या खोलीत फळा लागलाय आणि तिच्याकडे शिकवणीला मुलंही येऊ लागलीयत. मध्यंतरी सतीशचा फोन आला. दादा-वहिनी येऊन गेले, हॉलमधल्या सोफ्यावर झोपले आणि दहा दिवसांत परतले. दादांनी विचारलं होतं, अमेरिकेत राहून घर एवढंच कसं?

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं, ऑफिसने एवढंच मंजूर केलं. एचआरच्या मॅडम फार कडक आहेत."

त्यामुळे नाशिकच्या गायधनी मंडळींत माझं नाव निघालं की लोक चुकचुकतात असं ऐकते. माझी हरकत नाही. घर परवडतं का हे पगार आणि भाड्यावरून ठरतं, असं आम्हाला शिकवलेलं असतं. ते बरोबरच आहे. फक्त छोटं घर घेतल्याचं खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं, तेही आधी ठरवून ठेवावं.