मी गाडी थांबवली नाही

आदिलाबादहून माझी शाळा चोवीस किलोमीटरवर. पैनगंगेच्या बाजूचं गाव, मराठी माध्यमाची मंडल परिषदेची शाळा, पाटी मात्र तेलुगूत. पाच वर्ग आणि आम्ही दोघं शिक्षक. हेडमास्तर जवळच्याच गावात राहत. मी रोज स्कूटीवरून जा-ये करायची.

माघ संपून फाल्गुन लागतो तेव्हा आमच्याकडे एका दिवसात दोन ऋतू असतात. सकाळी आठला निघताना स्वेटर, त्यावर स्कार्फ, हातमोजे. नाल्याच्या पुलावर धुकं इतकं की समोरून येणाऱ्या ट्रकचे फक्त दिवे दिसायचे. चारला परतताना तोच स्वेटर डिक्कीत कोंबलेला आणि गरम वाऱ्याने डोळे चुरचुरायचे. शेतांमध्ये कपाशीच्या उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग जळत असायचे. सागाची पानं रस्त्यावर कडकड वाजत पुढे पळायची. पळस फुललेला असायचा, पण मला तो कधी आनंदाचा वाटला नाही. पळस फुलला की पाणी आटायला लागतं, हे मी लहानपणापासून पाहिलेलं.

माझे वडील दुसऱ्याच्या शेतावर सालदार होते. आभाळ पाहून कामाला लागायचं नि आभाळ पाहून घरी यायचं. मी नोकरीला लागले तेव्हा ते म्हणाले होते, "तुले आता आभाळाकडं पाह्यचं काम नाई." तरी माझी मान वर जायचीच. चौथीच्या वर्गात आम्ही भिंतीवर हवामानाचा तक्ता लावला होता. रोज एका मुलाने त्यात सूर्य, ढग किंवा धुक्याच्या रेघा काढायच्या. मी वर्गात शिरले की मुलं विचारायची, "बाई, रस्त्यानं काय दिसलं?" मग मी सांगायची. पुलावर धुकं होतं, आंब्याचा मोहोर काळा पडून राहिला आहे, वारा आज उलटा आहे.

गावाच्या अलीकडे दीड किलोमीटरवर, रस्त्याला लागून मोहाचं एक जुनं झाड होतं. फाल्गुनात त्याची फुलं गळायला लागली की एक बाई रोज सकाळी तिथे दिसायची. झाडाखालचा पाला जाळून तिने जागा साफ केलेली. टोपली घेऊन ती एकेक फूल वेचायची आणि बाजूच्या खडकावर वाळत घालायची. तिची मुलगी माझ्याच वर्गात, चौथीत. ती बाई माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान असेल, पण मी तिला ताई म्हणायची.

आमचं बोलणं दोन वाक्यांचं. मी गाडी हळू करायची, ती मान वर करायची.

"आज गार आहे, ताई."

"गार असलं की फूल कमी पडते, बाई. उद्या पाहा, आभाळ उघडं राह्यलं तर खच पडन."

तिचं म्हणणं बहुतेक खरं निघायचं. मी ते वर्गात सांगायची आणि तिची मुलगी खाली मान घालून हसायची.

त्या दिवशी सकाळपासूनच हवा जड होती. धुकं नव्हतं, थंडी नव्हती. मोहाखालून जाताना ती म्हणाली, "आज काई खरं नाई, बाई. मुंग्या वर चढून राह्यल्या." मी हसून पुढे गेले. दुपारी वर्गात पंखा फिरत होता तरी मुलं घामाने भिजली होती. तीनच्या सुमाराला पश्चिमेकडे ढग दिसला. काळा नव्हे. मळकट, पिवळसर. अशा ढगात गारा असतात हे वडिलांनी दाखवलेलं मला आठवत होतं. आम्ही मुलांना जरा लवकर सोडलं. सगळी मुलं गावातलीच, पाच मिनिटांत घरी पोचणारी. मी स्कूटी काढली. मागच्या सीटवर मंडल कार्यालयाला परत करायच्या जादा वह्यांचा गठ्ठा दोरीने बांधलेला होता.

मोहाजवळ आले तेव्हा वारा सुटला होता. ती खडकावरची वाळलेली फुलं भराभर पोत्यात भरत होती. मी गाडी हळू केली. थांबवली नाही, पाय खाली टेकवला नाही. ओरडून म्हटलं, "ताई, चला घरी. आभाळ आलं!"

तिने न पाहताच हात हलवला. "जा तुमी. एवढं भरून घेते."

मी गेले. मला भिजायचं नव्हतं. पुढे दोनेक किलोमीटरवर बसथांब्याची शेड आहे, तिथवर पोचायचं एवढंच डोक्यात होतं. शेडमध्ये शिरले आणि गारा सुरू झाल्या. आधी चण्याएवढ्या, मग बोरांएवढ्या. पत्र्यावर असा आवाज की स्वतःचा श्वास ऐकू येईना. वीज मी आलेल्या बाजूलाच चमकत होती. वीज आणि गडगडाट यांच्यामधले आकडे मोजायचे, म्हणजे ती किती दूर आहे ते कळतं, असं मी मुलांना शिकवलं होतं. सवयीने मोजत होते. एकदा चारपर्यंत पोचले. एकदा पाचपर्यंत. अर्ध्या तासात सगळं थांबलं. रस्ता पांढरा झाला होता. मी सावकाश आदिलाबादला गेले, कपडे बदलले, चहा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं होतं आणि जानेवारीसारखी थंडी. वाटेत झाडांना पानं उरली नव्हती. मोहाजवळ माणसं उभी दिसली आणि मला लांबूनच कळलं. या वेळी मी गाडी उभी केली.

तिला संध्याकाळी नवऱ्यानेच शोधून काढलं होतं. पोलीस आणि पटवारी येऊन पंचनामा होईपर्यंत हलवायचं नाही, असं कुणीतरी फोनवर सांगितलं, म्हणून रात्रभर ती तिथेच होती. अंगावर हिरवं लुगडं पांघरलेलं, चारी टोकांना दगड. झाडाची साल वरपासून खालपर्यंत एका पट्ट्यात सोलून निघाली होती. अर्धं भरलेलं पोतं पाण्याने फुगलं होतं आणि त्याचा गोड, आंबूस वास सगळीकडे सुटला होता. तो वास मला आजही सहन होत नाही.

मुलगी आजीच्या मांडीला टेकून बसली होती. तिने शाळेचाच फ्रॉक घातला होता. मला पाहून ती सवयीने उठून उभी राहिली, वर्गात उठतात तशी. मी तिला बस म्हटलं.

एक म्हातारा म्हणाला, "घरी निघाली असती तर वाचली असती. कोनी सांगणारंच नव्हतं तिले."

मी तिथेच उभी होते. मग हातमोजे चढवले आणि शाळेकडे निघाले.

तेरवी झाल्यावर मुलगी शाळेत आली. तोवर तक्त्यातला त्या दिवसाचा रकाना मी कोणाला भरू दिला नव्हता. आल्या आल्या तिची नजर तिकडे गेली.

"बाई, हे खाली राह्यलं."

"राहू दे ते."

"मंग महिना पुरा कसा होईन?"

तिने स्केचपेन घेतला आणि छोटे छोटे गोल काढायला लागली, गारांचे. मग मागे वळून तिने विचारलं, "विजेचं चिन्ह कोणतं हाये?" आमच्या तक्त्यात विजेला चिन्हच नव्हतं. मी ‘नाही’ म्हटलं. तिने टोपण लावलं आणि जागेवर जाऊन बसली.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. तिचा बाप ओट्यावर बसून दोरी वळत होता. त्याने बसायला पोतं टाकलं, आईला चहा ठेवायला सांगितलं. चहा यायच्या आत मी सांगून टाकलं. त्या दिवशी मी मोहाखाली ताईला पाहिलं होतं. मी हाक मारली होती. ती नको म्हणाली आणि मी निघून गेले.

त्याचे हात थांबले. "गाडी होती तुमच्याजवळ?"

"होती. मागं वह्यांचा गठ्ठा होता."

त्याने अर्धी वळलेली दोरी बाजूला ठेवली. मला वाटलं होतं, तो म्हणेल की ती तुमचं ऐकणारी नव्हतीच, तुमी काय करणार. खरं सांगायचं तर तेवढं ऐकायलाच मी गेले होते. तो म्हणाला, "मंग गठ्ठा काऊन नाई काढला, बाई?"

आवाज चढलेला नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. आतून आजीने चहा आणला. आम्ही दोघांनी तो प्यायला. मी उठले तेव्हा तो उभा राहिला नाही.

त्यानंतर तो रस्त्यात दिसला तरी बोलला नाही. जूनमध्ये त्याने मुलीला पलीकडे, महाराष्ट्रात तिच्या मामाकडे ठेवलं. दाखला न्यायला तो स्वतः आला नाही, भावाला पाठवलं. दाखल्यावर सही हेडमास्तरांची, पण अक्षर माझं. आईच्या नावासमोर काय लिहायचं ते मी हेडमास्तरांना विचारलं. ते म्हणाले, नाव तेच लिहायचं, त्यात काही बदलत नाही.

मी अजून त्याच शाळेत आहे. पटावर आता अकरा मुलं उरली आहेत. रस्ता तोच, फाल्गुन तसाच येतो, सकाळी गार आणि दुपारी भाजणारा.

मागच्या वर्षी असाच पिवळट ढग चढला होता. एका बाभळीखाली दोन अनोळखी बायका हरभऱ्याच्या ढिगावर ताडपत्री ओढत होत्या. मी गाडी उभी केली आणि शेतात शिरले. त्या नको म्हणत होत्या. मी एकीचा हातच धरला. मोठ्याने बोलले, बहुतेक रडलेही असेन, कारण त्या घाबरून माझ्यासोबत रस्त्यापलीकडच्या मोटारपंपाच्या खोलीपर्यंत आल्या. तिथे आम्ही तिघी तासभर दारात उभ्या होतो. ढग नदीच्या पलीकडे निघून गेला. एक थेंबही पडला नाही. वाऱ्याने ताडपत्री मात्र उडून गेली होती आणि हरभरा अर्ध्या वावरात पसरला होता.

थोरली माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहत म्हणाली, "आता हे कोन गोळा करन, बाई?"

मी चपला काढल्या आणि त्यांच्यासोबत वाकून गोळा करायला लागले.